मोटरहोमच्या जनरेटरचा चोक: आधी झडप बघा, मग पाना उचला

अॅरिझोनातल्या फ्लॅगस्टाफजवळ, कोकोनिनो राष्ट्रीय वनात आम्ही मुक्काम केला होता. ऑक्टोबरची सकाळ, गवतावर हिम पडलेलं. बाबांना सकाळी उठल्यावर नेब्युलायझर लागतं आणि ते यंत्र एकशेवीस व्होल्टवर चालतं. मी जनरेटरचं बटण दाबलं. इंजिन चालू झालं, अर्धा मिनिट भकभकलं, काळा धूर सोडला आणि बंद पडलं. चार वेळा तेच. जंगलात प्लगपॉइंट कुठून आणणार?

त्या दिवशी बाबांचं काम पंधरा मिनिटांत झालं, कारण एअर फिल्टरचं झाकण उघडल्यावर दिसलं की चोकची झडप मिटलेल्या अवस्थेत अडकून बसली आहे. बोटाने ती सोडवली आणि जनरेटर चालला. त्याआधी उन्हाळ्यात हीच तक्रार घेऊन मी एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो होतो. तिथे मला अख्खा कार्बोरेटर बदलायचा सल्ला मिळाला होता. झाकण उघडून कोणी बघितलंच नव्हतं. म्हणून हा लेख लिहितोय. नवीन मोटरहोम घेतलेल्या आपल्या मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे: सुटा भाग मागवण्याआधी ती झडप तीनदा डोळ्यांनी बघा. इंजिन थंड असताना, चालू होऊन पाचेक मिनिटं झाल्यावर, आणि बंद करून पुन्हा थंड झाल्यावर.

चोक म्हणजे कोणता चोक

आपल्याकडे चोक म्हटलं की अर्ध्या लोकांना ट्यूबलाइटची पट्टी आठवते. तो चोक वेगळा. हा चोक बजाज चेतकचा. थंडीच्या सकाळी स्कूटर एका बाजूला कलती करून, चोक ओढून किक मारणारे वडील ज्यांनी पाहिलेत त्यांना अर्धं प्रकरण आधीच कळलेलं आहे. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, बरंचसं थेंबांच्या रूपात नळीच्या भिंतीला चिकटतं. गरम इंजिनाला वजनाने साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल पुरतं, थंड इंजिनाला त्याहून बरंच जास्त पेट्रोल लागतं. चोकची झडप कार्बोरेटरच्या तोंडाशी हवा अडवते, आतलं ओढणं वाढतं आणि पेट्रोल जास्त येतं. इंजिन तापलं की झडप उघडायलाच हवी, नाहीतर तेच जादा पेट्रोल इंजिनाचा घोट अडवतं.

स्कूटरवर हे काम हाताने होतं. मोटरहोममध्ये जनरेटर बाहेरच्या कप्प्यात असतो आणि आपण आत बसून बटण दाबतो, म्हणून चोक आपोआप चालणारा असतो. बहुतेक ठिकाणी त्यात दोन धातूंची जोडपट्टी गुंडाळून बसवलेली असते, तिला बायमेटल म्हणतात. दोन धातू उष्णतेने वेगवेगळे प्रसरण पावतात, त्यामुळे गुंडाळी वळते आणि झडप हलवते. थंडीत ती झडप मिटवते. जनरेटर चालू झाला की शेजारच्या छोट्या हीटरला बारा व्होल्ट मिळतात, गुंडाळी तापते आणि झडप उघडते. म्हणजे बिघडायला जागा तीनच: झडपेचा दांडा, गुंडाळी आणि हीटरचा करंट. माझ्या अनुभवात पहिली जागा सगळ्यात जास्त वेळा निघते आणि तिला खर्च जवळजवळ शून्य.

एक खुलासा. अमेरिकेत पेट्रोलला गॅस म्हणतात, पण मोटरहोममध्ये प्रोपेनही असतो, म्हणून घोटाळा नको. या लेखात मी पेट्रोलच म्हणेन. तुमचा जनरेटर डिझेलचा असेल तर त्याला चोक नसतो. प्रोपेनवाल्याला सहसा नसतो, कारण इंधन मुळातच वायू असतं. नव्या, फ्यूएल इंजेक्शनच्या जनरेटरलाही तो नसतो. कार्बोरेटरवाले पेट्रोल जनरेटर, उदाहरणार्थ कमिन्स ओनानचे ४००० वॅटचे, जे इथल्या असंख्य मोटरहोममध्ये आहेत, त्यांच्यासाठी पुढचं सगळं.

चोकवर आळ घेण्याआधी

टाकीत पेट्रोल किती आहे ते बघा. जनरेटरची नळी मुख्य टाकीत मुद्दाम उंच ठेवलेली असते, म्हणजे जनरेटरने सगळं पेट्रोल पिऊन तुम्हाला रानात अडकवू नये. पाव टाकीच्या आसपास आलं की जनरेटर बंद पडतो, गाडी मात्र व्यवस्थित चालते. कितीतरी नवे लोक इथेच फसतात. मग ऑइलची पातळी बघा, कारण ऑइल कमी झालं की इंजिन स्वतःला बंद करून घेतं. बॅटरी १२.२ व्होल्टच्या खाली असेल तर आधी ती चार्ज करा. सेल (इंजिन फिरवणारा स्टार्टर) मंद फिरला तर चोक कितीही चांगला असून उपयोग नाही. आणि गाडी कित्येक महिने उभी असेल तर सेल मारण्याआधी बंद करायचं बटण काही सेकंद दाबून धरा. ओनानच्या अनेक जनरेटरवर त्याने पेट्रोलचा पंप चालतो आणि रिकामी नळी भरते. तुमच्या बटणावर प्राइम लिहिलंय का ते बघा.

आता लक्षणं. थंड असताना नुसता सेल फिरतो, इंजिन पेटतच नाही, पण झडप हाताने मिटवली की लगेच पेटतं: झडप उघडी अडकली आहे. पेटतं, पण काळा धूर, पेट्रोलचा वास, भकभक, आणि एसी लावताच मान टाकतं: झडप मिटलेली अडकली आहे किंवा हीटर मेला आहे. स्पार्क प्लग काढला तर काजळीने काळा निघेल.

तिसरं लक्षण मात्र फसवं आहे. रेस एकसारखी कमी-जास्त होत राहते, आणि झडप बोटाने अर्धी मिटवली की इंजिन सुरळीत चालतं. अशा वेळी नवे लोक म्हणतात, चोक लावल्यावर चालतंय म्हणजे चोकच बिघडलाय. उलट आहे. इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय आणि चोक ती उणीव भरून काढतोय. जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल येण्याचं बारीक भोक) तुंबलाय, फिल्टर भरलाय किंवा गॅस्केटमधून हवा शिरतेय. इथे चोक बदलून पैसे वाया जातील. दोन मित्रांनी असा नवा चोक बसवलेला मी पाहिलाय, आणि दोघांचंही दुखणं शेवटी जेट साफ केल्यावर गेलं.

सुरक्षिततेचं, घाई न करता

जनरेटर बंद करून पूर्ण गार होऊ द्या. बॅटरी उतरली की आपोआप चालू होण्याची सोय असेल तर ती बंद करा, नाहीतर तुमची बोटं आत असताना इंजिन फिरेल. गाडीच्या आत बटण आहे, मुलं आहेत. त्यांनाही सांगून ठेवा. बाहेरची वीज जोडलेली असेल तर तीही काढा, कारण गाडीतला चार्जर त्याच बारा व्होल्टच्या तारांना करंट देत राहतो. मग बॅटरीची ऋण तार काढा.

प्रोपेनवरचा फ्रिज आणि पाणी तापवण्याचा हीटर बंद करा. हे बहुतेकांना सुचत नाही. दोन्हींत ज्वाळा असते, दोन्ही मधूनच आपोआप पेटतात, आणि त्यांच्या जाळ्या गाडीच्या त्याच अंगाला, जनरेटरपासून चार पावलांवर असू शकतात. तुम्ही पेट्रोलशी खेळत असताना फ्रिज पेटला तर काय होईल याचा विचार करा. आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवा. आणि चाचणीसाठी इंजिन चालवाल तेव्हा गाडीच्या खिडक्या बंद, आत कोणी झोपलेलं नको, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू. त्या वायूला वास नसतो. अलार्मलाही ठरावीक आयुष्य असतं. पाठीवर छापलेली तारीख आजच बघा.

हत्यारं फार लागत नाहीत. ८ आणि १० मिमीचे सॉकेट, स्क्रू ड्रायव्हर, नाकाडी पक्कड, मल्टिमीटर, कार्ब क्लीनरचा डबा, जुना टूथब्रश, हातमोजे, चष्मा, टॉर्च आणि फोनचा कॅमेरा.

झडप बघणं

जनरेटरचं दार उघडा, एअर फिल्टरचं झाकण काढा, फिल्टर काढा. मागे कार्बोरेटरचं तोंड दिसेल आणि त्यात नाण्यासारखी गोल पितळी किंवा पोलादी चकती. तीच झडप. काही मॉडेलांत जागा इतकी अडचणीची असते की फोन आत घालून फोटो काढावा लागतो. तसं करा, अंदाजाने ठरवू नका.

रात्रभर गार राहिलेल्या इंजिनात, साधारण वीस अंश हवेत, झडप मिटलेली किंवा मिटल्यासारखी दिसली पाहिजे, कडेला बारीक फट. बोटाने हलकेच उघडा आणि सोडा. ती आपणहून, न अडखळता परत यायला हवी. अडखळली, अर्ध्यातच थांबली, किंवा कुरकुरल्यासारखी लागली तर तुमचा रोग सापडला.

मग तात्पुरती बॅटरी जोडून एकाला आत बटणापाशी उभं करा आणि इंजिन चालवा. तुम्ही बाजूला उभे राहून बघा. तोंड कार्बोरेटरसमोर नको. इंजिन कधी उलटा भपका मारतं आणि ज्वाळा बाहेर येते. पहिल्या मिनिटातच झडप हळूहळू उघडू लागेल. हवा थंड असेल तर जास्त वेळ घेईल, पण पाचेक मिनिटांत ती हवेच्या वाटेला समांतर, म्हणजे पूर्ण उघडी व्हायला हवी. फिल्टर काढून जास्त वेळ चालवू नका, धूळ सरळ सिलिंडरमध्ये जाते. बंद करा, तासाभराने पुन्हा बघा, ती परत मिटलेली हवी. ही तिन्ही निरीक्षणं वहीत लिहा. पुढचे सगळे निर्णय त्यांवर ठरतात.

दांडा अडकला असेल तर

पेट्रोल सुकलं की चिकट, पिवळट थर राहतो. इथल्या पेट्रोलमध्ये साधारण दहा टक्के इथेनॉल असतं, ते ओल धरतं, त्यामुळे गंजही चढतो. हे सगळं झडपेच्या दांड्यावर, जिथे तो भोकातून जातो तिथे साचतं. गार इंजिनावर, बॅटरी काढलेली असताना, दांड्याच्या दोन्ही टोकांना कार्ब क्लीनरचा बारीक फवारा मारा, दोन मिनिटं थांबा, झडप पंचवीस-तीस वेळा हलवा, पुन्हा फवारा, टूथब्रश. तीन-चार फेऱ्यांत ती मोकळी होते. बायमेटलच्या काळ्या प्लॅस्टिक डबीवर आणि रबरी नळ्यांवर फवारा जाऊ देऊ नका, क्लीनर त्यांना खातं.

नंतर तेल लावायचा मोह होतो. लावू नका. तेलावर धूळ बसते आणि दोन सहलींत झडप आधीपेक्षा घट्ट होते. दांडा कोरडाच बरा. सगळं क्लीनर उडून जाईपर्यंत किमान अर्धा तास थांबून मगच बॅटरी जोडा.

झडप मोकळी आहे, पण उघडत नाही

आता मल्टिमीटर. चोकच्या हीटरकडे जाणाऱ्या दोन तारा शोधा, कधी एकच तार असते आणि दुसरं टोक इंजिनाच्या बॉडीला. जनरेटर चालू असताना तिथे डीसी बारा ते चौदा व्होल्ट मिळायला हवेत. बंद असताना मिळाले नाहीत म्हणून घाबरू नका. बऱ्याच जनरेटरना हा करंट चालू झाल्यावरच मिळतो. हलत्या भागांपासून बाह्या आणि तारा दूर ठेवा, आधी पिना टोचून मीटर लावा, मग इंजिन चालवा.

व्होल्ट येत नाहीत, तर चोक निर्दोष आहे. सैल कनेक्टर, गंजलेली पिन, उंदराने कुरतडलेली तार बघा. उंदीर ही विनोदाची गोष्ट नाही; हिवाळ्यात उभ्या गाडीच्या जनरेटरात ते हमखास घर करतात. व्होल्ट येताहेत पण झडप उघडत नाही, तर इंजिन बंद करून कनेक्टर काढा आणि हीटरचा रोध मोजा. काही ओहम दाखवले तर तार शाबूत आहे. मीटर अनंत दाखवत असेल तर आतली तार तुटली, हा चोक बदलायचा. या एका मोजणीशिवाय चोक विकत घेऊ नये.

झडपेची बैठक

हीटर चांगला, दांडा मोकळा, तरी थंडीत नीट मिटत नाही किंवा उघडायला फार वेळ लागतो, तर बायमेटलची डबी फिरवून बैठक बदलता येते, जिथे निर्मात्याने ती सोय ठेवली आहे तिथे. आधी डबी आणि बॉडी यांवर मिळून एक पांढरी रेघ ओढा. स्क्रू जरासेच सैल करा. डबी एक खाच किंवा दोन-तीन मिलिमीटर फिरवा, झडप कोणत्या बाजूला जाते ते डोळ्यांनी बघा, स्क्रू आवळा. आणि मग थांबा. पुढची चाचणी इंजिन पूर्ण गार झाल्यावरच, म्हणजे उद्या सकाळी. गरम इंजिनावर एकामागून एक खाचा बदलल्या की काहीच कळत नाही. मला तीन सकाळी लागल्या.

मिश्रणाच्या स्क्रूला हात लावू नका. प्रदूषणाच्या नियमांमुळे तो कारखान्यात लावून बहुधा बंद केलेला असतो, आणि चोकचं दुखणं त्याने कधीच बरं होत नाही.

नवीन चोक बसवणं

जनरेटरवरच्या पट्टीचा फोटो काढा. ओनानच्या मॉडेल क्रमांकाच्या शेवटी एक अक्षर असतं. ते सगळ्यात महत्त्वाचं. त्या एका अक्षराने सुटा भाग बदलतो. काही मॉडेलांना चोक वेगळा मिळतो, काहींना कार्बोरेटरसकटच. क्रमांक जुळल्याशिवाय नुसता फोटो सारखा दिसतोय म्हणून मागवू नका. गॅस्केटही सोबत मागवा.

चोक वेगळा असेल तर काम तासाभराचं. काढण्याआधी चारही बाजूंनी फोटो, विशेषतः गुंडाळीचं वाकडं टोक झडपेच्या कोणत्या खाचेत बसलंय त्याचा. कनेक्टर ओढताना तार न धरता प्लॅस्टिक धरा. स्क्रू एकेक काढून डबीत ठेवा. जनरेटरच्या तळाशी पडलेला स्क्रू शोधायला चोक बसवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. नवा चोक बसवताना गुंडाळीचं टोक खाचेत गेलंय का हे झडप हलवून तपासा. टोक बाहेर राहिलं तर सगळं घट्ट आवळूनही झडप लोंबकळत राहते. नवशिक्यांची सगळ्यात सामान्य चूक हीच. जुन्या रेघेच्या जागी डबी ठेवा आणि स्क्रू हलक्या हाताने आवळा, कारण आटे अॅल्युमिनियममध्ये आहेत आणि एकदा घसरले की गेले.

कार्बोरेटरच उतरवायचा असेल तर पेट्रोलची नळी चिमट्याने बंद करा, खाली भांडं धरा, आतलं पेट्रोल निथळू द्या. रेस सांभाळणारी दांडी आणि तिची बारीक स्प्रिंग कोणत्या भोकात आहे याचे फोटो दोनदा काढा. भोक चुकलं तर इंजिन वाटेल त्या वेगाने धावेल. साठ हर्ट्झच्या जागी भलतीच वीज घरातल्या यंत्रांना जाईल. हाताला इथे खात्री वाटत नसेल तर थांबून जाणकाराला बोलवा.

चाचणी आणि उंचीची भानगड

फिल्टर बसवा, सगळं जोडा, गार इंजिन चालवा. दोन-तीन मिनिटं मोकळं चालू द्या, मग एसी लावा. १३,५०० बीटीयूचा एसी साधारण बारा ते पंधरा अँपियर घेतो आणि ४००० वॅटचा जनरेटर तेहतीसपर्यंत देतो, म्हणजे सहज पेलायला हवा. धूर नको, रेस खाली-वर नको. अर्धा तास चालवून बंद करा, दहा मिनिटांनी पुन्हा चालू करा. गरम इंजिन पटकन पेटलं की काम झालं.

फ्लॅगस्टाफच्या सकाळी मला एक गोष्ट उशिरा उमगली. आम्ही फिनिक्सहून आलो होतो, म्हणजे सुमारे ३३० मीटरवरून २१०० मीटरवर. वर हवा विरळ, म्हणजे त्याच कार्बोरेटरमधून पेट्रोल तुलनेने जास्त. लक्षणं हुबेहूब अडकलेल्या चोकसारखी: काळा धूर, भकभक. ओनानच्या अनेक ४००० वॅटच्या जनरेटरना यासाठी उंचीचा छोटा खटका असतो आणि तो मी फिनिक्सच्याच जागी ठेवला होता. झडप सोडवली, खटका सरकवला, तेव्हा कुठे इंजिन एका सुरात चालू लागलं. खाली उतरल्यावर खटका मागे आणायला विसरू नका, नाहीतर पेट्रोल कमी पडून इंजिन तापतं. ताकदही उंचीवर कमी होते, दर हजार फुटांना साधारण साडेतीन टक्के. सात हजार फुटांवर एसी आणि मायक्रोवेव्ह एकत्र लावू नका.

यापुढे महिन्यातून एकदा जनरेटर दोन तास, निम्म्या लोडवर चालवा. मी महिन्याचा पहिला रविवार ठरवलाय: एसी आणि पाण्याचा विजेवरचा हीटर लावतो. थंडीत गाडी उभी करण्याआधी टाकीत पेट्रोल टिकवणारं स्टॅबिलायझरचं द्रव्य घालून पंधरा मिनिटं चालवतो, म्हणजे ते कार्बोरेटरपर्यंत पोचतं. आणि बाबा येणार असतील त्या आठवड्यात, सकाळी इंजिन गार असताना फिल्टरचं झाकण काढून झडपेला एकदा बोट लावून बघतो.